नोंद, वेचा आणि क्रम : चेन्नईतील चित्रपटयाद्यांचा तौलनिक विचार

एखादा रसिक आपल्या आवडीच्या चित्रपटांची क्रमवार यादी सिद्ध करावयास घेतो, तेव्हा चर्चा बहुधा क्रमाभोवतीच फिरते. पहिल्या स्थानी कोणता चित्रपट, दहाव्या स्थानी कोणता, याविषयी वाद होतात. परंतु क्रम लावण्यापूर्वीच एक अधिक निर्णायक कृती घडून गेलेली असते. कोणते चित्रपट विचारात घ्यावयाचे, हे ठरलेले असते. क्रमावर आक्षेप घेता येतो, कारण तो समोर दिसतो. समावेशाचा निकष मात्र सहसा अनुच्चारित राहतो. वैयक्तिक यादीचे खरे मूल्यविधान या अनुच्चारित निकषातच असते. चेन्नईतील चित्रपटलेखनाच्या परंपरेत या प्रश्नाची तीन भिन्न उत्तरे सापडतात आणि मराठी वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला ती अपरिचित वाटण्याचे कारण नाही.

मराठीत परशुरामतात्या गोडबोले यांचे ‘नवनीत’ (1854) आणि शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ ही दोन टोके आहेत. गोडबोले वेचे निवडतात आणि त्या निवडीतून अभिरुची घडवतात. 1800 ते 1937 या काळातील मुद्रित ग्रंथांची नोंद करणारे दाते गुणवत्तेचा प्रश्नच बाजूला ठेवतात. वेचा आणि सूची या केवळ दोन पद्धती नव्हेत. वाङ्मय म्हणजे काय, याविषयीच्या त्या दोन भूमिका आहेत.

तमिळ चित्रपटाच्या संदर्भात दाते यांच्या जागी ‘फिल्म न्यूज’ आनंदन (निधन 2016) यांचे नाव घ्यावे लागते. प्रदर्शित झालेल्या प्रत्येक तमिळ चित्रपटाची नोंद ठेवणे, हे त्यांनी आयुष्यभराचे काम मानले आणि त्याचे फलित 2004 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. येथे प्रदर्शन हाच निकष आहे. पडलेला चित्रपट आणि गाजलेला चित्रपट एकाच ओळीत उभे राहतात. याउलट एस. थिओडोर भास्करन यांचा ‘द आय ऑफ द सर्पंट’ (1996) हा ग्रंथ निवडीचा आहे. राजकीय जागृती आणि रंगभूमी व चित्रपट यांचा संबंध ‘द मेसेज बेअरर्स’ (1981) मध्ये तपासलेल्या या इतिहासकाराची निवड स्वाभाविकच इतिहासाच्या दृष्टीने होते. तिसरी रीत रँडॉर गाय यांची. ‘द हिंदू’मधील त्यांच्या सदरात प्रत्येक जुन्या चित्रपटाचा लेख तो कशासाठी स्मरणात आहे, हे सांगणाऱ्या ओळीने संपत असे. एखादे गाणे, एखाद्या नटाचे पदार्पण, एवढेही कारण त्यांना पुरेसे होते. नोंद, इतिहास आणि स्मरण अशा या तीन कसोट्या होत.

वैयक्तिक क्रमवारी करणारा रसिक या तिन्हींपेक्षा वेगळ्या अडचणीत असतो. त्याने चित्रपट पाहिलेला असला पाहिजे. ही अट निरुपद्रवी वाटते, परंतु तिचे परिणाम दूरगामी आहेत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आर. नटराज मुदलियार यांनी मद्रासमध्ये निर्माण केलेला ‘कीचकवधम्’ आज उपलब्ध नाही. एच. एम. रेड्डी यांनी मुंबईत चित्रित केलेला पहिला तमिळ बोलपट ‘कालिदास’ (1931) हाही हरवला आहे. जे पाहता येत नाही, त्याला क्रम देता येत नाही. परिणामी ‘सर्वोत्तम’ची यादी प्रत्यक्षात ‘उरलेल्यांतील सर्वोत्तम’ची यादी असते, मात्र शीर्षकात हे विशेषण येत नाही.

बरे, जे उरले ते गुणांमुळे उरले, असेही नाही. सी. व्ही. रामन पिळ्ळै यांच्या कादंबरीवर आधारित ‘मार्तंडवर्मा’ (1933) हा मूकपट नागरकोईलच्या सुंदरराज यांनी काढला. कादंबरीच्या प्रकाशकाने स्वामित्वहक्काचा दावा लावला, प्रत जप्त झाली आणि त्या जप्तीमुळेच ती टिकली. पुढे ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आली. न्यायालयीन कलहाने जे राखले, ते रसिकतेने राखले नव्हते. शिवाय ध्वनी नसलेल्या या चित्रपटाला मल्याळम् म्हणावे, ते केवळ मूळ कादंबरीच्या आधारे.

येथे भाषेचा निकषही डळमळू लागतो. ‘सीताकल्याणम्’ (1934) हा तमिळ बोलपट प्रभात कंपनीने काढला. दिग्दर्शक बाबूराव पेंढारकर आणि गीतकार पापनाशम् शिवन्. एस. राजम् यांनी रामाची, तर त्यांच्या बहिणीने सीतेची भूमिका केली. मराठी चित्रपटांची यादी करणारा तो भाषेमुळे वगळतो. तमिळ यादी करणाऱ्याला तो बाहेरगावी बनलेला आरंभकालीन पौराणिक चित्रपट एवढाच वाटतो. दोन परंपरांचा जेथे संयोग झाला, ती कृती दोन्ही याद्यांच्या काठावर राहते. याच चित्रपटात लहान भूमिका करणारे राजम् यांचे धाकटे बंधू एस. बालचंदर यांनी पुढे एव्हीएमसाठी ‘अंद नाळ्’ (1954) हा गाण्यांविना चित्रपट दिग्दर्शित केला आणि निवडक याद्यांत त्याला सहज स्थान मिळते. यादी पूर्ण झालेला कलावंत टिपते, त्याची उगमभूमी टिपत नाही. जेमिनीच्या ‘चंद्रलेखा’चा (1948) प्रश्न वेगळा आहे. तमिळ आवृत्तीनंतर त्याच वर्षी काही भूमिकांत वेगळे नट घेऊन हिंदी आवृत्ती निघाली. ती एक नोंद मानावी की दोन, हे ठरविताना ‘कृती’ या संकल्पनेचाच विचार करावा लागतो.

1952 पासून दर दहा वर्षांनी ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाकडून घेतल्या जाणाऱ्या समीक्षकांच्या कौलात प्रत्येक समीक्षक दहा चित्रपट सुचवितो. त्या दहांना समान मत मिळते. क्रम सामुदायिक बेरजेतून येतो. म्हणजे तेथेही व्यक्तीचा खरा निर्णय समावेशाचाच आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, वैयक्तिक यादी हा इतिहास नव्हे, तो आवडीचा खेळ आहे. त्यावर इतका भार टाकू नये. आक्षेप अंशतः मान्य करण्याजोगा आहे. दात्यांची शिस्त रसिकावर लादली, तर आवडच उरणार नाही. परंतु ‘नवनीत’ही काही इतिहास म्हणून सिद्ध झाले नव्हते; तरी पिढ्यान्पिढ्यांची काव्यविषयक समजूत त्याने घडविली. आवडीची यादी वारंवार उद्धृत होऊ लागली, की ती प्रमाण ठरते आणि जे तिच्यात नाही, ते शोधण्याची गरजच कोणास भासत नाही. हरवलेल्या चित्रपटाचा दुसरा मृत्यू तो हाच.

म्हणून क्रमाच्या आधी निकष लिहिणे, ही अशा उपक्रमाची किमान नैतिक अट ठरते. कोणती भाषा, कोणता काळ, प्रत पाहिली की केवळ वाचले, दोन आवृत्त्या एक मानल्या की दोन, हे यादीच्या माथ्यावरच यावे. क्रमवारीच्या शेवटी एक क्रमांकरहित पुरवणीही असावी. तीत ‘कालिदास’ यावा, ‘कीचकवधम्’ यावा. त्यांना स्थान देता येत नाही, पण ते होते, एवढे म्हणता येते. रसिकाचा वेचा आनंदन यांच्या सूचीशी एवढे नाते राखू शकला, तर त्याच्या आवडीला इतिहासाचे भान लाभेल.