वस्त्रे आणि वारसा

वंशपरंपरागत सत्तेचा विचार करताना मराठी ऐतिहासिक साहित्य पुन्हापुन्हा पेशवे घराण्याकडे वळते. मात्र पेशवेपद हे मुळात प्रधानपद. त्याची वस्त्रे छत्रपतींकडून मिळत. १७१३ मध्ये शाहूंनी ती बाळाजी विश्वनाथांना दिली आणि १७२० मध्ये ती त्यांच्या पुत्राकडे गेली. १७७४ मध्ये सवाई माधवरावांना वस्त्रे मिळाली, तेव्हा ते अवघ्या चाळीस दिवसांचे होते. नेमणुकीचा विधी टिकला. आशय मात्र वारशाचा झाला. या स्थित्यंतराची जाणीव साहित्यकृतींतून कितपत व्यक्त होते, हा खरा प्रश्न आहे.

रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ (१९६२) या कादंबरीत सत्तासंघर्ष घराच्या भाषेत अवतरतो. काका-पुतण्यांमधील दुरावा, रमा-माधवांचे सहजीवन, थेऊरचे अखेरचे दिवस यांतून राजकीय विरोधाला कौटुंबिक दुःखाचे रूप येते. परिणामी माधवराव आणि राघोबा यांपैकी अधिक योग्य कोण, हे वाचक ठरवू शकतो. पण पद याच घराण्याकडे का, असे विचारण्यास कादंबरी अवकाश ठेवत नाही. नायकाचे थोर कर्तृत्वच वारशाचे समर्थन ठरते. वस्तुतः सोळाव्या वर्षी पद हाती आले ते जन्माने. कर्तृत्व नंतर सिद्ध झाले.

कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’चे (१९०९) शीर्षक कौटुंबिक कलह सुचवते. परंतु १७७३ मधील नारायणरावांच्या खुनाचा प्रश्न नाटककार घराबाहेर, न्यायासनासमोर आणतो. रामशास्त्र्यांचा अधिकारही पेशव्यांनीच दिलेला. तरीही तो देणाऱ्यालाच जाब विचारतो. रक्ताच्या नात्यावर पदाचा हक्क सांगणारा राघोबा रक्तपाताचा आरोपी म्हणून उभा राहतो. पद आणि व्यक्ती यांतील भेद येथे नाट्यमय होतो.

अर्थात या भेदालाही मर्यादा आहे. रामशास्त्री अपराधी वारसाला नाकारतात, वारसातत्त्वाला नव्हे. इतिहासात बारभाईंनीही राघोबांना पर्याय म्हणून त्याच घराण्यातील तान्हे मूल पुढे केले. त्यामुळे दोन्ही कृतींमधील फरक नकाराचा नसून अंतराचा आहे : ‘स्वामी’ वाचकाला वाड्यात घेते, ‘भाऊबंदकी’ त्याला वाड्यासमोर उभे करते. निवडणुकीने मिळणारी पदेही घराण्यांतच फिरताना पाहणाऱ्या वाचकाला हे दुसरे स्थान अधिक उपयोगी आहे. तेथून निदान दरवाजा दिसतो.