चिरागनगरचे चेतिय

कालिंगबोधि जातकाच्या प्रास्ताविक कथेत एक साधी अडचण सांगितली आहे. भगवान चारिकेस गेले असता श्रावस्तीचे लोक फुले घेऊन जेतवनात येत, आणि अन्य पूजनीय स्थान न मिळाल्याने ती गंधकुटीच्या दारात ठेवून जात. त्या निमित्ताने चेतियाचे तीन प्रकार येतात : शारीरिक, पारिभोगिक व उद्देशिक. पारिभोगिक म्हणजे प्रत्यक्ष वापरातले. उद्देशिकाला मात्र वस्तूचा आधार नाही, ते केवळ मनाने कल्पिलेले, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे.

अण्णाभाऊ साठे यांच्या घाटकोपरमधील चिरागनगरच्या झोपडीचा विचार करताना हा भेद आम्हांस मोलाचा वाटतो. बाबासाहेबांना अर्पण केलेल्या ‘फकिरा’ला (१९५९) राज्य पुरस्कार लाभला, ‘चिरागनगरची भुतं’ या पुस्तकाला तर वस्तीनेच नाव दिले. येथे झोपडपट्टी पुनर्वसनाला जोडून स्मारक उभारण्याची योजना शासनाने जाहीर केली. मॉस्कोत २०२२ साली त्यांचा पुतळा बसला, याचा आनंद आहेच. परंतु पुतळा कोठेही बसतो. तो उद्देशिक होय.

मालगुंडला केशवसुतांचे घर जतन करून स्मारक झाले. दादरचे राजगृह बाबासाहेबांनी स्वतः बांधले, म्हणून त्याच्या भिंती आजही त्यांच्याविषयी बोलतात. झोपडीचे तसे नसते. पत्रा बदलतो, कूड जाऊन वीट येते, माळा चढतो. लेखक गेल्यावर तेथे राहणाऱ्याने डोक्यावरचे छप्पर नीट करू नये काय? आमच्या दर्शनासाठी कोणाचे पक्के घर अडावे, हे आम्हांस मुळीच मान्य नाही. (दारिद्र्य जपून ठेवण्याची हौस बहुधा दूर राहणाऱ्यांनाच असते.)

तेव्हा येथे पारिभोगिक ते काय? आमच्या मते एकटी खोली नव्हे; गल्लीची रुंदी, शेजारच्या दाराचे अंतर, पाण्याची जागा, लिहिताना कानी येणारे आवाज. इमारती उठण्यापूर्वी या साऱ्याची मोजमापे घ्यावीत, जुन्या रहिवाशांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत नोंदवाव्यात आणि स्मारकात ती खोली मूळ मापाने, शेजारासह उभी करावी. भव्य सभागृह हवे असेल तर ते नंतर. शासनाकडून मिळालेल्या गोरेगावच्या सिद्धार्थनगरातील घरात अण्णाभाऊ शेवटी राहिले. १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. त्या घराचेही माप याच वेळी घेतले जावे.