माहिती-साक्षरता आणि शब्दप्रामाण्य

‘माहिती-साक्षरता’ ही कल्पना तशी जुनी आहे. १९७४ साली अमेरिकेत पॉल झुरकोव्स्की यांनी ती मांडली. हे गृहस्थ माहिती-उद्योगाच्या संघटनेचे अध्यक्ष होते, हेही लक्षात ठेवलेलं बरं. विक्रेत्याला गिऱ्हाईक साक्षर हवंच असतं. आपल्याकडे मात्र ही कल्पना संगणक-प्रशिक्षणाचं बोट धरून आली. एमएस-सीआयटी झालं, पॉवरपॉइंट करता आलं, की मुलगा साक्षर. यूजीसीच्या २०२२ च्या पदवी-आराखड्यात मूल्यवर्धित अभ्यासक्रमांमध्ये ‘डिजिटल आणि तांत्रिक उपाय’ अशा अर्थाचा एक विषय आहे. नाव बघा : उपाय. प्रश्न कोणता, ते विचारायचं नाही!

या साक्षरतेची खरी तपासणी होते ती थेट प्रबंध सादर करताना. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीने साम्याच्या पायऱ्या ठरवल्या. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. ४० पर्यंत सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्या. ६० पर्यंत वर्षभर बंदी. त्यापुढे नोंदणीच रद्द. नियमावलीत जागृतीची आणि प्रशिक्षणाची कलमंही आहेत, नाही असं नाही. पण कॉलेजांपर्यंत पोचली ती टक्केवारी.

एका मौखिक परीक्षेला मी परीक्षक होतो. अहवालात साम्य ४ टक्के. संदर्भसूचीत एक जर्मन ग्रंथ होता, म्हणून त्याबद्दल विचारलं. विद्यार्थिनीने तो पाहिलेलाच नव्हता. कुणाच्या तरी लेखातली तळटीप जशीच्या तशी आली होती. यंत्राच्या लेखी सगळं निर्मळ, कारण वाक्यं तिची स्वतःची होती. पण ती कुणाच्या भरवशावर लिहिली, हे पाच वर्षांत तिला ना मार्गदर्शकाने विचारलं, ना कुठल्या समितीने.

माहिती पारखायला शिकवतात तेव्हा बहुधा एक यादी देतात. कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात २००४ च्या सुमारास तयार झालेली यादी यात सर्वांत प्रसिद्ध. मजकूर ताजा आहे का, विषयाला धरून आहे का, लेखक अधिकारी आहे का, माहिती अचूक आहे का, हेतू काय, असे तिचे पाच निकष. यादी वाईट नाही. अडचण अशी की विद्यार्थी या पाचही प्रश्नांची उत्तरं त्याच पानावर शोधतो. म्हणजे आरोपीलाच साक्षीला उभं करायचं.

स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये हे फार नेमकेपणाने दाखवलं. त्यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ पदवी-विद्यार्थी घेतले. त्यांना बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्थांची संकेतस्थळं दाखवली. एक अमेरिकेतली जुनी, हजारो सभासदांची संस्था. दुसरी नावाने तिच्यासारखीच, पण समलिंगी जोडप्यांनी मुलं दत्तक घेण्याच्या वादातून २००२ मध्ये फुटून निघालेला छोटा गट. बहुतांश विद्यार्थ्यांना दुसरी अधिक विश्वासार्ह वाटली. इतिहासकारही काही जण गोंधळले. आयुष्यभर कागदपत्रं पारखलेली माणसं ही! तपासनीस मात्र काही क्षणांतच पान सोडून बाहेर पडले आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात, ते पाहू लागले. एकही चुकला नाही.

तपासनीसांनी काय केलं? वाक्य बाजूला ठेवून ते सांगणाऱ्याची चौकशी केली. आता आपण आगरकरांच्या मुलखातली माणसं. शब्दप्रामाण्य म्हटलं की आपल्या कपाळाला आठी पडते, आणि पोथीच्या बाबतीत ती पडायलाच हवी. पण न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे ते व्यवहारातल्या ज्ञानासाठीही. वात्स्यायनाच्या भाष्यात आप्त कोण? ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ यांना सारखंच लागू पडतं, असंही तो बजावतो. माझी स्वतःची जन्मतारीखसुद्धा मला दुसऱ्याच्या शब्दावरच ठाऊक आहे. तेव्हा ‘स्वतः तपासल्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नका’ हा वर्गात दिला जाणारा सल्ला पाळताच येत नाही. तो निष्ठेने पाळणारा मुलगा आधी सगळ्यांवरच संशय घेतो, आणि मग थकून आपल्या मनासारखं सांगणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विसंबतो. मला भीती आहे ती याची. नकलेची फारशी नाही.

चॅटजीपीटीबद्दल विचारतात. वात्स्यायनाच्या दोन अटी लावून बघा. त्याने काही पाहिलेलं नाही, आणि सांगण्याची इच्छा म्हणावी असंही त्याच्यापाशी काही नाही. भाषा मात्र आप्ताची. अस्तित्वात नसलेले संदर्भ ते त्याच आत्मविश्वासाने देतं.

हे शिकवायचं कुणी? वर्षाच्या सुरुवातीला ग्रंथपालांना एक तास देऊन आपण मोकळे होतो. पण रसायनशास्त्रात आप्त कसा ओळखायचा आणि इतिहासात कसा, ते त्या-त्या विषयाच्या शिक्षकालाच ठाऊक असणार. एम.ए.च्या पहिल्या सत्रात प्रत्येकाने एका लेखातली एकच तळटीप घ्यावी आणि मूळ ग्रंथापर्यंत, मूळ पानापर्यंत जाऊन यावं. ग्रंथपालांनी वाट दाखवावी, शिक्षकाने तोंडी परीक्षा घ्यावी. निम्म्या तळटिपा वाटेतच अडकतील. त्या कुठे अडकल्या, ते लिहून द्यायला सांगावं आणि त्यालाच गुण द्यावेत.

आता प्रश्न घेऊ या.