पेटते न पेटते तोच

गावोगावच्या होळ्या संध्याकाळी पेटतात आणि रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत त्यांचा भर ओसरतो. काठीची होळी रात्रभर थांबते. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरात काठी हे जुन्या संस्थानाचं गाव आहे. तिथली राजवाडी होळी १२४६ सालापासूनची म्हणून सांगितली जाते. मधोमध उंचच उंच बांबूचा दांडा उभा असतो. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेशातून लोक आलेले असतात. डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला सुके भोपळे आणि घुंगरू बांधलेले बुध्या ढोलाच्या ठेक्यावर रात्रभर नाचतात आणि पहाट झाली की होळी पेटते. इतके तास ताटकळून पाहिलेला तो क्षण नंतर घरी येऊन सांगायचा, तर कुठल्या वाक्यात सांगायचा?

‘होळी पेटली आणि बांबूचं पेर फुटलं.’ हे झालं पोलिस पंचनाम्याचं वाक्य. दोन घटना झाल्या, एक आधी, एक नंतर. आता हीच माहिती ‘होळी पेटताच पेर फुटलं’, ‘पेटल्याबरोबर फुटलं’, ‘पेटते न पेटते तोच फुटलं’, ‘पेटायची खोटी, की फुटलं’ अशी सांगून पाहा. घड्याळ लावलं तर चारही वाक्यांत तेवढेच सेकंद भरतील. तरी कानाला चारही वेगळी लागतात, आणि मराठी माणूस त्यांची अदलाबदल सहसा करत नाही.

हा फरक आपल्याला शाळेत कोणी शिकवत नाही. तो शिकवतात जपानीच्या वर्गात. जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षा १९८४ साली सुरू झाली, २०१० पासून तिच्या पाच पायऱ्या झाल्या आणि त्यांतली सगळ्यांत वरची एन-१. पुणं हे या भाषेचं आपल्याकडलं मोठं ठाणं. रानडे इन्स्टिट्यूटपासून घरगुती शिकवण्यांपर्यंत तिथे जपानी चालते. या वरच्या पायऱ्यांच्या पुस्तकांत ‘एक होताच लगेच दुसरं’ या एवढ्याशा अर्थाला पाच-सात रचना असतात : या-इना-या, गा हायाइ का, नारी, सोबा कारा, तोतान, शिदाइ. विद्यार्थी तक्ता करतात, प्रत्येकीसमोर ‘ताच’ लिहितात आणि परीक्षेत गोंधळतात. गोंधळतात कारण समोर ‘ताच’ एकटाच लिहिला. आपल्या घरातला बाकीचा ऐवज त्यांनी बाहेर काढलेलाच नसतो.

त्या ऐवजातला सर्वांत सुंदर दागिना म्हणजे ‘न… तोच’. ‘मी उंबरठा ओलांडतो न ओलांडतो तोच फोन वाजला.’ हे वाक्य सावकाश वाचावं. फोन वाजला, तो भूतकाळात. उंबरठा ओलांडणंही खरं तर त्याच्या आधीचं, म्हणजे अधिकच भूतकाळातलं. पण क्रियापद मात्र ‘ओलांडतो’. वर्तमान! आधीची गोष्ट वर्तमानात आणि नंतरची भूतकाळात, असा उलटा कारभार व्याकरणाने इथे खुशाल चालवून घेतला आहे. कारण पहिल्या क्रियेला पुरी व्हायला वेळच मिळालेला नाही. ती ‘झाली’ असं म्हणायच्या आत दुसरी येऊन कोसळली. म्हणून पहिली कायमची अर्धी राहिली, एक पाय घरात आणि एक बाहेर.

आता जपानीकडे पाहा. ‘या-इना-या’मधला ‘या’ हा जुन्या भाषेतला प्रश्नाचा प्रत्यय, ‘इना’ म्हणजे नाही, आणि पुन्हा ‘या’. झालं की नाही झालं? त्याची बोलीतली बहीण ‘का… नाइ का नो उचि नि’. क्रियापद एकदा होकारात, एकदा नकारात, मग ‘त्याच्या आत’. मिरु का मिनाइ का नो उचि नि : पाहतो न पाहतो, इतक्यात. ‘उचि’ म्हणजे आत, आणि आपल्या ‘इतक्यात’च्या शेवटीही ‘आत’च दडलेलं आहे. एकमेकींशी काडीचंही नातं नसलेल्या दोन भाषा, पण घाईचा क्षण पकडायला दोघींनी तोच फास टाकला. होकार-नकाराच्या दोन खुंट्या ठोकून मधल्या फटीत दुसरी घटना घुसवली. कहर म्हणजे जपानीतही ‘या-इना-या’पाशी क्रियापद भूतकाळात जात नाही. गोष्ट कालची असो की शंभर वर्षांपूर्वीची, ‘या-इना-या’च्या आधीचं क्रियापद कोशात असतं त्याच रूपात उभं राहतं.

काठीच्या बांबूला हेच वाक्य शोभतं. ओल्या बांबूच्या पेरात हवा आणि पाणी कोंडलेलं असतं. आच लागली की आतली वाफ भिंतीवर रेटते आणि पेर बार उडाल्यासारखं फुटतं. ज्वाळेची जीभ वर चढताना दिसते, ती पेरापर्यंत पोचली की नाही हे डोळ्याला ठरवता येत नाही आणि आवाज कानावर आदळतो. पोचते न पोचते तोच. इथे ‘पोचताच’ म्हटलं तर माहिती बरोबर राहील आणि दचकणं हरवेल.

‘ताच’ची योग्यता मात्र कमी लेखू नये. तो आपला कामाचा गडी. ‘पोचताच फोन कर’, ‘पैसे मिळताच पावती देऊ’, ‘तिला पाहताच तो उठला’ : आज्ञा, वचन, हकिगत, काहीही द्या, तक्रार नाही. जपानीत या एका गड्याची दोन माणसं होतात. पुढच्या कामाचा शब्द द्यायचा तर ‘शिदाइ’, कचेरीतला, इस्त्रीचे कपडे घातलेला. आणि झाल्या गोष्टीचा धक्का सांगायचा तर ‘तोतान’. ‘तोतान’नंतर हुकूम सोडता येत नाही, स्वतःचा बेतही सांगता येत नाही. दार उघडलं आणि मांजर बाहेर पळालं, असंच काही तरी त्यानंतर यायला हवं. आपल्याला हा नियम जाचक वाटतो. पण ‘तू पोचतोस न पोचतोस तोच फोन कर’ असं म्हणून पाहा. जीभच अडते. म्हणजे नियम आपल्याकडेही आहे, फक्त तो ‘ताच’वर नसून ‘तोच’वर आहे. ठरवून करायच्या गोष्टीला ‘तोच’ चालत नाही, कारण ‘तोच’ नेहमी कुणाच्या तरी अपेक्षेला धक्का देऊनच येतो.

‘तोतान’च्या आधीचं क्रियापद मात्र भूतकाळी रूपातच लागतं. पहिली क्रिया तिथे पुरती उरकलेली असते. मराठीत हा हिशेब आपण प्रत्ययातच ठेवला आहे : ‘पेटताच’मध्ये अपुरा ‘ता’, ‘पेटल्याबरोबर’, ‘पेटल्यासरशी’ यांत पुरा झालेला ‘ल्या’. वरवर पाहता दोन्ही एकच वाटतात. पण डॉक्टर ‘जेवल्याबरोबर गोळी घ्या’ म्हणतात, ‘जेवताच घ्या’ म्हणत नाहीत. घास पोटात गेल्याची त्यांना खात्री हवी असते.

आणि आता माझी सर्वांत लाडकी जोडी. जपानी ‘नारी’ची अट अशी की दोन्ही क्रिया एकाच माणसाने केलेल्या असाव्यात, दुसरी बघणाऱ्याला अनपेक्षित असावी, आणि तो माणूस ‘मी’ नसावा. घरी आला, बोलला नाही चालला नाही, पिशवी फेकली आणि ताडकन निघून गेला, अशा वेळी ‘नारी’. तक्त्यात याच्यासमोरही ‘ताच’ लिहिलेलं असतं आणि ते वाचून हळहळ वाटते. कारण मराठीत यासाठी अस्सल घडण आहे : ‘आला तो थेट माजघरात शिरला.’ यातला ‘तो’ ‘न… तोच’मधला नव्हे. जुन्या छपाईत त्या दुसऱ्यावर अनुस्वार असे, ‘तोंच’. हा सर्वनामाचा ‘तो’. पारख सोपी आहे. बाई असेल तर ‘आली ती थेट माजघरात’, पाहुणे असतील तर ‘आले ते थेट पंगतीत’. कर्ता बदलला की हा शब्द बदलतो. जपानीने जी अट नियम म्हणून लिहून ठेवली, ती मराठीने एका सर्वनामाने कर्त्याचं मनगट धरून पाळली. पहिल्या क्रियेतला माणूस दुसऱ्या क्रियेत निसटून भलताच होऊ शकत नाही.

पण ‘मी नसावा’ ही अट मात्र मराठीने झुगारली. ‘काल आलो तो झोपलोच’ असं आपण सर्रास म्हणतो. जपानीला हे मंजूर नाही. चकित व्हायला बघणारा बाहेरचा हवा, स्वतःच्या कृतीने स्वतःच कसं चकित व्हायचं, असा तिचा रास्त सवाल. मराठी माणूस स्वतःकडे शेजाऱ्यासारखा पाहू शकतो आणि मुख्य म्हणजे त्याला त्याची मौज वाटते. काठीहून रात्रभर जागून परतलेला कुणीही हे वाक्य बोलेल आणि हसेल.

‘गा हायाइ का’ ही दोन क्रियांची शर्यत आहे. ‘हायाइ’ म्हणजे जलद. हे आधी झालं की ते? घंटा वाजली की पोरं बाहेर पडली, दोहोंत आधी कोण? आपल्याकडे याच्या जवळ जाते ती ‘खोटी’. खोटी म्हणजे खोळंबा. ‘ढोलावर टिपरी पडायची खोटी, की पाय उठले.’ इथे शर्यत नाही. दुसरी क्रिया केव्हाची तयार होऊन बसली आहे, पहिलीमुळेच काय तो खोळंबा. रात्रभर नाचणाऱ्या बुध्याला हीच घडण फिट्ट बसते. कमरेचे भोपळे, घुंगरू आधीच अधीर असतात, टिपरी उशिरा येते. जपानी रचना चपळ आहे, पण तिच्यात ही अधीरता नाही.

उलट ‘सोबा कारा’त जपानीने बाजी मारली आहे हे कबूल केलं पाहिजे. ‘सोबा’ म्हणजे बाजू, शेजार. ओबोएरु सोबा कारा वासुरेरु : पाठ करावं तर बाजूने विसरत जावं. पुन्हा पुन्हा घडणारं आणि वैताग आणणारं, एवढं सगळं त्या ‘बाजूने’मध्ये मावलं. आपण ‘इकडे झाडावं तर तिकडे पानं पडतात’ असं म्हणतो. त्यात इकडे-तिकडेची जागा आहे, वैतागही आहे, पण घडण सैल आहे. एन-१चा अभ्यास करणाऱ्यांना या रचनेची ओळख सांगावी लागत नाही. ती त्यांची आत्मकथा असते.

मात्र जपानीच्या कुठल्याही पायरीवर न सापडणारी एक चीज आपल्याकडे उरते : ‘पेटली रे पेटली की…’ क्रियापद दोनदा, आणि मधोमध ‘रे’. हा ‘रे’ कुणाला उद्देशून? वाक्यात कुणी श्रोता नाही, संबोधन नाही. ‘पाऊस पडला रे पडला की लाइट जाते’ यातही कुणाला हाक मारलेली नसते. कधी काळी गर्दीतून उठलेली आरोळी व्याकरणाने जशीच्या तशी उचलून क्रियापदाच्या पोटात बसवली असावी, अशी माझी समजूत आहे. अर्थ एवढाच की हे दर वेळी असंच होतं, एकदाही चुकत नाही. पण तो नेम सांगताना आरोळी आपोआप ऐकू येते. जपानीत उतरवायचं तर विद्यार्थ्याला या-इना-याच गाठावं लागेल, आणि ती लेखी, भारदस्त, वर्तमानपत्रात आणि कथा-कादंबऱ्यांत वावरणारी रचना आहे. अर्थ पोचेल. गुणही पूर्ण मिळतील. ‘रे’चं काय करायचं, हा प्रश्न मात्र उत्तरपत्रिकेत येणार नाही.