एक कोटीचा प्रश्न

दूरचित्रवाणीवरील ज्ञानस्पर्धा म्हटली की टीकाकाराने नाक मुरडावे, असा रिवाजच पडला आहे. परंतु २०१९ साली ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये अमिताभ बच्चन यांच्यासमोर अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे बसल्या, तो खेळ विसरता येत नाही. शाळेत मुलांची खिचडी शिजवून महिना दीड हजार रुपये मिळवणाऱ्या या बाई! लोणी काळभोरला आमच्या घरी त्या रात्री पानातले अन्न निवून गेले.

एक कोटीचा प्रश्न इतिहासाचा होता : १८५७च्या उठावाचा स्वानुभव ‘दास्तान-ए-गदर’मध्ये लिहिणारा, बहादूरशहा जफरच्या दरबारातला कवी कोण? जहीर देहलवी, हे उत्तर बाईंनी अचूक दिले.

प्रश्न चांगला, कारण तो निव्वळ पाठांतराचा नव्हे. मीर १८१० साली वारला, जौक १८५४ साली; त्यांना उठाव दिसणार कुठून? सनांची अशी सांगड घालता येणे, हीच इतिहासाची पहिली पायरी.

दोष आहे तो खेळाच्या रीतीत. उत्तर बरोबर ठरले की आकडा मोठा होतो आणि इतिहास लहान. दिल्ली उजाडल्यावर वणवण हिंडलेला तो कवी चार पर्यायांतले एक नाव होऊन उरतो. आमच्या मुलांनीही विचारले ते रकमेविषयीच.

तेव्हा वाचकहो, यंदा फराळाच्या ताटाभोवती मुलांना असे प्रश्न अवश्य घाला. मात्र उत्तर येताच टाळी वाजवून थांबू नका. ‘पुढे त्या कवीचे काय झाले?’ हेही विचारा.