उरलेलं प्रेम उद्या

मी मालिका बघत नाही. हे मी आमच्या सोसायटीत, बँकेतल्या जुन्या मित्रांत आणि दोनदा तर केस कापून घेतानासुद्धा छातीठोकपणे सांगितलेलं आहे. संध्याकाळी सात ते दहा ज्या खोलीत टीव्ही चालू असतो त्या खोलीत मी असतो, एवढंच. हातात वर्तमानपत्र असतं. सकाळी वाचून झालेलं वर्तमानपत्र रात्री तीन तास कसं पुरतं, असं आमच्या हिनं एकदा विचारलं होतं. “अग्रलेख दोनदा वाचावे लागतात,” असं बाणेदार उत्तर देऊन मी तो विषय मिटवला होता.

पण एके रात्री माझा घात झाला. पडद्यावर नायिका नायकाला नाही नाही ते बोलत होती, आणि वर्तमानपत्राच्या आडून माझ्या तोंडून निघून गेलं, “अगं, पण ते पत्र त्याच्या हातात पडलंच नाही ना!” खोलीत क्षणभर शांतता पसरली. हिनं आवाज बंद केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “चहा टाकू? इकडे कोचावर येऊन बसा. तिथून नीट दिसत नाही.”

त्या दिवसापासून मी उघडपणे टीकाकार झालो.

माझी पात्रता कुणी काढू नये. मुंबईत दूरदर्शन १९७२ च्या गांधीजयंतीला सुरू झालं, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत आमच्या चाळीतल्या एकमेव टीव्हीपुढे मांडी घालून बसणाऱ्या पंचवीस-तीस लोकांत मीही असे. प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ मी तिथे पाहिले. चिमणराव आणि काऊ यांनी एकमेकांना ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं कधी सांगितल्याचं मला काही आठवत नाही. पण त्या दोघांचं एकमेकांवाचून चालणार नाही, हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

पुढे १९८४ साली ‘हम लोग’ आली. त्या घरातली बडकी आमचीच कुणीतरी होती. बाप दारुडा, घरात पैशांची ओढाताण, आणि लग्नाचा प्रश्न भिंतीवरच्या पालीसारखा कायम डोक्यावर. तिचं आणि डॉक्टर अश्विनीचं जमावं म्हणून शेजारच्या काकूंनी सोमवार धरले होते. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन चार शब्द समजुतीचे सांगत, आणि मंडळी गुडघ्यांवर हात टेकून उठत. १९८६ साली ‘बुनियाद’मध्ये मास्टर हवेलीराम आणि लाजो यांचं प्रेम पाहिलं. दोघं एकमेकांकडे नीट बघतसुद्धा नव्हती, आणि आमच्या चाळीतल्या तीन अविवाहित तरुणांनी त्या वर्षी शिकवण्या धरल्या.

तेव्हा मालिका आठवड्यातून एकदा किंवा दोनदा लागे. आता रोज लागते, आणि टीकाकाराच्या दृष्टीनं सगळी मेख इथेच आहे. आठवड्यातून एकदा प्रेम करायचं असेल तर माणूस मुद्द्याचं बोलतो. सोमवार ते शनिवार रोज अर्धा तास करायचं, तर त्याला पाणी घालावंच लागतं. शिवाय ज्या दिवशी दोघांचं जमलं त्या दिवशी मालिका संपली! मग लेखकानं खायचं काय? म्हणून नायकानं एक वाक्य बोलण्यासाठी तोंड उघडलं की दाराची घंटा वाजते, किंवा फोन येतो, किंवा आत्याबाईंना चक्कर येते. काहीच नाही जमलं तर जाहिराती येतात. प्रेक्षकाला उरलेलं प्रेम उद्या मिळतं, तेसुद्धा आजचं थोडं परत दाखवून झाल्यावर.

या लांबणीचा कळस म्हणजे ‘होणार सून मी ह्या घरची’. २०१३ साली सुरू झाली तेव्हा मला ती आवडली होती. बँकेत नोकरी करणारी साधी जान्हवी, गोखले गृहउद्योगाचा मालक असूनही साधा असलेला श्री, आणि त्याच्या घरात एक-दोन नव्हे, सहा सासवा. मी स्वतः बँकेतला असल्यामुळे जान्हवीबद्दल मला एक खात्याअंतर्गत जिव्हाळा होता. पण पुढे जान्हवीला दिवस गेले ते इतके गेले, की लोक कॅलेंडर घेऊन बसले. ‘काहीही हं श्री’ हे तिचं वाक्य अख्ख्या महाराष्ट्रानं उचललं, ते मला वाटतं मालिकेवरचा अभिप्राय म्हणूनच.

याउलट ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’. २०१२ सालची. घनाला अमेरिकेला जायचंय, राधाला लग्नच करायचं नाही, घरचे ऐकत नाहीत. म्हणून दोघं ठरवून खोटं लग्न करतात आणि मग त्या खोट्यात खरे अडकतात. कल्पना काही जगावेगळी नाही. पण स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे यांचे घना-राधा एकमेकांशी बोलत! भांडत, चिडवत, पुन्हा बोलत. मालिकेतली माणसं सहसा एकमेकांशी बोलत नाहीत. ती खिडकीबाहेर बघून स्वतःशी बोलतात, आणि दाराआड उभं राहून तिसरंच कुणीतरी ते ऐकतं. ही मालिका वर्षाच्या आत संपली, आणि अजून तिचं नाव निघालं की मंडळींचे चेहरे उजळतात. बोलणाऱ्या माणसांचं लवकर आटोपतं, हे त्याचं साधं कारण.

न बोलण्यातही गोडी असते, हे ‘तुझ्यात जीव रंगला’मधल्या राणादानं दाखवलं. कोल्हापूरकडचा पैलवान गडी, शिक्षणाच्या नावानं आनंद, आणि प्रेम कुणावर, तर शाळेतल्या बाईंवर! मैदानात भल्याभल्यांना चीत करणारा हा माणूस पाठकबाई समोर आल्या की मान खाली घालून उभा राहायचा. पुरुषानं प्रेमात लहान व्हावं, हे आपल्याकडे फारसं कुणी दाखवत नाही. मला ते आवडलं. पुढे त्या कथेच्या मागे कटकारस्थानांचा ससेमिरा लागला, पण ते काम करणारे हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर यांनी २०२२ साली खरोखरच लग्न केलं. मालिकेतल्या प्रेमाचा इतका सज्जड पुरावा दुसरा नाही.

आता गुरुनाथ. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या नावातच व्याकरणाची अशी काही गाठ आहे, की ती सोडवता सोडवता मालिका २०१६ पासून २०२१ पर्यंत चालली. राधिका नागपूरकडची, कर्तबगार, मसाल्यांचा कारखाना उभारणारी. शनाया दिसायला देखणी आणि कामाला शून्य. या दोघींनी गुरुनाथमध्ये काय पाहिलं, हा प्रश्न मी पाच वर्षं विचारत होतो. मधल्या काळात शनायाचं काम करणारी नटी बदलली, आणि पुढे पहिली परत आली. गुरुनाथला दोन्ही वेळा काही फरक जाणवला नाही. त्याच्या प्रेमाची खोली मोजायला एवढं पुरे आहे. पण एक मान्य केलं पाहिजे. या लेखकांना नवऱ्याचा खोटेपणा जितका बारकाईनं माहीत असतो, तितका त्याचा खरेपणा माहीत नसतो. गुरुनाथ थाप मारायला लागला की तो अगदी जिवंत वाटे.

‘आई कुठे काय करते’बद्दल मी फार लिहिणार नाही. पंचवीस वर्षं संसार करून अरुंधतीला कळतं की अनिरुद्धचं बाहेर संजनाशी आहे, आणि ती घराबाहेर पडून गाणं परत धरते. ही मालिका सुरू असताना आमची ही जाहिरातींत माझ्याकडे बघून काही बोलत नसे. ते न बोलणं फार बोलकं असे. मी उठून पाण्याची बाटली भरून ठेवू लागलो. टीकाकारानं कलाकृतीचा परिणाम नोंदवावा, म्हणून ही नोंद.

आणि आता त्या मालिकेबद्दल, जिच्याविषयी मला खरं म्हणजे लिहायचं आहे.

‘अग्गंबाई सासूबाई’ २०१९ साली सुरू झाली. आसावरी विधवा. सासरा जमदग्नी, म्हणजे रवी पटवर्धन. त्यांचा आवाज आला की आमच्याही घरातली भांडी वाजत. मुलगा बबड्या, पंचविशी उलटली तरी आईच्या हातच्या घासाशिवाय हलत नाही. आणि घरात आलेली सून शुभ्रा ठरवते, की सासूबाईंचं लग्न लावायचं. स्थळ म्हणजे शेफ अभिजीत राजे. देखणा, पैसेवाला, बोलायला गोड, वर स्वयंपाक येतो!

इथे माझी टीका तयार होती आणि मी ती पेपर खाली ठेवून मोठ्यानं वाचत असे. एक, राजेंना एकही खोड नाही. निदान घोरतात तरी असं दाखवा. बिनखोडीचा माणूस लिहायला फार सोपा. दोन, आसावरी स्वतः काहीच करत नाही. सगळं शुभ्रा करते. ज्या बाईचं लग्न, तिला तेवढं विचारायचं राहून जातं. तीन, असं प्रत्यक्षात घडत नाही.

२०२० च्या जानेवारीत माझी थोरली बहीण, आमची अक्का, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आली होती. पडद्यावर आसावरीच्या लग्नाची गडबड चालू होती. अक्काच्या एका डोळ्याला हिरवी पट्टी, दुसऱ्यानं ती बघत होती. मी नेहमीप्रमाणे मुद्दा क्रमांक तीनवर आलो. “असं कुठे घडतं का?” म्हटलं. “पन्नाशीच्या विधवेला मागणी घालायला कोण येतंय!”

अक्का आमच्या हिला म्हणाली, “आसावरीचं नशीब गं. तिला सून होती.” मग जरा थांबून म्हणाली, “मला भाऊ होता.”

सांगायलाच हवं. अक्का छत्तिसाव्या वर्षी विधवा झाली. पदरी एक मुलगा, शाळेत नोकरी. १९८८ च्या एप्रिलात एका रविवारी सकाळी तिच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर माझ्याकडे आले. ते विधुर होते. वडील गेल्यामुळे घरातला कर्ता पुरुष मी; वय अडतीस. टीव्हीवर ‘रामायण’ चालू होतं. एक डोळा पडद्यावर ठेवून मी त्यांचं म्हणणं ऐकलं. ते फार थोडं आणि फार सरळ बोलले. “विचार करून कळवतो,” असं मी म्हटलं. मग भाच्याचं दहावीचं वर्ष येऊ घातलं होतं, लोक काय म्हणतील हे होतंच, आणि कळवायचं राहून गेलं. अक्काला विचारायचंही राहून गेलं. तिला यातलं काही ठाऊक नाही, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती.

“तुला कुणी सांगितलं?” मी विचारलं.

“सांगायला कशाला हवं? मला विचारूनच आले होते ते.”

पडद्यावर सनई वाजत होती. आमची ही उठून आत गेली. मी म्हटलं, “अक्का, तेव्हा माझं—”

“श्श,” अक्का म्हणाली. “जाहिराती संपल्या. उरलेलं उद्या.”

रात्री झोप येईना, तेव्हा मी हिशेब केला. बँकेतली सवय. आठवड्याला सहा भाग, वर्षाची बावन्न आठवडे, अशी एकतीस वर्षं. नऊ हजार सहाशे बहात्तर भाग होतात. ‘चार दिवस सासूचे’सुद्धा तीन हजारांच्या थोडी पुढे जाऊन थांबली होती. एक वाक्य बोलायला दोनशे भाग लावतात म्हणून ज्या नायकांना मी हसत आलो, त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की त्यांना लेखक थांबवून ठेवतो.

सकाळी अक्काच्या डोळ्यात थेंब घालायची पाळी माझी होती. थेंब घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं असतं. ती डोळे मिटून पडली होती, तेव्हा मी ते वाक्य एकदाचं बोललो. मी चुकलो, एवढंच. घंटा वाजली नाही, फोन आला नाही, कुणाला चक्करही आली नाही. अक्कानं डोळे न उघडता विचारलं, “पाच मिनिटं झाली का रे?” मी घड्याळ पाहिलं. अजून तीन उरली होती. तिनं हात पुढे केला, आणि ती तीन मिनिटं मी तो धरून बसलो.

संध्याकाळी ती म्हणाली, “राजेंना खोड हवी, हे मात्र तुझं बरोबर आहे. आमचे मास्तर तपकीर ओढायचे.”

मालिका २०२१ साली संपली. माझे मुद्दे एक आणि दोन आजही कायम आहेत. तिसरा मी मागे घेतला आहे.