‘बोहेमियन’ वेष आणि तांड्याचा पेहराव : एका अर्थांतराची चिकित्सा

मराठी नियतकालिकांत व व्यापारी जाहिरातींत ‘बोहेमियन’ अथवा त्याचेच लघुरूप ‘बोहो’ हे विशेषण आता रुळले आहे. घेरदार परकर, आरसे जडवलेली चोळी, कवड्यांच्या व नाण्यांच्या माळा, ठिगळकामाची पिशवी एवढ्या सामग्रीवर ते सिद्ध होते आणि त्याचा अर्थ ‘रूढिमुक्त, स्वच्छंद’ असा सांगितला जातो. हीच सामग्री हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ या तालुक्यांच्या तांड्यांत वृद्ध बंजारा स्त्रियांच्या अंगावर पाहावयास मिळते. तेथे मात्र तिचा अर्थ नेमका उलट आहे. तांड्यात हा पेहराव रूढीचा, किंबहुना अत्यंत काटेकोर रूढीचा वाचक आहे. एकाच सामग्रीला परस्परविरुद्ध अर्थ कसे प्राप्त झाले, आणि या अर्थांतरात कोणाचे काय गमावले जाते, हा येथे विचाराचा विषय आहे.

प्रथम शब्दाचा इतिहास पाहावा. पंधराव्या शतकात पश्चिम युरोपात आलेल्या रोमा टोळ्या बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागातून आल्या, अशा समजुतीने फ्रेंचांनी त्यांना ‘बोएमियां’ म्हटले. पॅरिसच्या परिसरात त्या १४२७ साली पोहोचल्याची नोंद आहे. इंग्रजांनी त्याच लोकांना इजिप्तचे रहिवासी मानून ‘जिप्सी’ हे नाव दिले. दोन्ही नावे चुकीच्या भूगोलावर आधारलेली आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधील निर्धन चित्रकार व लेखक यांच्या अस्थिर जीवनक्रमाला हाच शब्द लक्षणेने लावण्यात आला. आंरी म्युर्झे यांच्या कथा १८५१ साली पुस्तकरूपाने निघाल्या आणि त्यांवर आधारलेली पुच्चिनी यांची ‘ला बोएम’ ही संगीतिका १८९६ साली ट्यूरिन येथे रंगभूमीवर आली. तेव्हापासून ‘बोहेमियन’ या शब्दाचा मुख्यार्थ मागे पडला आणि लक्ष्यार्थच रूढ झाला. रोमा माणूस शब्दातून निघून गेला आणि त्याच्याविषयीची कल्पना तेवढी शिल्लक राहिली.

भारतीय भाषांत ‘बंजारा’ या शब्दाची गतीही याहून निराळी झाली नाही. या शब्दाचा संबंध वाणिज्यवाचक शब्दाशी, तर ‘लमाण’ या शब्दाचा लवणाशी जोडला जातो. दोन्ही नावे व्यवसायाची आहेत. दहा-बारा हजार बैलांचे तांडे धान्य व मीठ वाहून नेत, असे फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने सतराव्या शतकात लिहून ठेवले आहे. असा तांडा नायकाच्या आज्ञेत, ठरलेल्या मार्गाने, ठरलेल्या बाजाराकडे चाले. हिंदी चित्रपटगीतांनी मात्र ‘बंजारा’ म्हणजे घरदार व हेतू नसलेला भटका, असा अर्थ रूढ केला. व्यापाऱ्याचे नाव निरुद्देशाचे प्रतीक व्हावे, हा अर्थापकर्षाचा ठळक नमुना होय.

या दोन्ही शब्दांत आणखी एक साम्य आहे. ‘बोहेमियन’ हे रोमांचे स्वतःचे नाव नव्हे; ते स्वतःस ‘रोम’ व परक्यास ‘गाजो’ म्हणतात. ‘बंजारा’ वा ‘लमाण’ हीदेखील बाहेरच्यांनी दिलेली नावे आहेत. तांड्याच्या बोलीत स्वजन तो ‘गोर’ आणि परका तो ‘कोर’. ज्याला आपण ‘बोहेमियन’ वेष म्हणतो, त्याची सगळी परिभाषा अशा रीतीने कोरांची परिभाषा आहे.

या साम्यावरून एक घाईचा सिद्धान्त मांडला जातो, त्याची दखल घेणे आवश्यक आहे. रोमा भारतातून गेले, बंजारा भारतातच राहिले, म्हणून ‘बोहेमियन’ वेष मुळात बंजाऱ्यांचाच, असे अभिमानाने सांगण्यात येते. रोमानी ही भारतीय आर्य भाषा आहे, हे अठराव्या शतकाच्या अखेरीसच ध्यानात आले होते. टर्नर यांच्या १९२६ मधील निबंधाने तिचे कुळातील स्थान पुष्कळसे निश्चित केले. परंतु रोमानीत ‘तीन’साठी ‘त्रिन’ आणि ‘हात’साठी ‘वस्त’ हे शब्द आहेत. संस्कृत ‘त्रीणि’ व ‘हस्त’ यांतील जोडव्यंजने तिने राखली. गोरबोलीत ‘तीन’ व ‘हात’ अशीच सुलभ झालेली रूपे आहेत, आणि तिचे नाते राजस्थानी-गुजराती समूहाशी आहे. ग्रिअर्सन यांच्या सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात (१९०७) ‘बंजारी अथवा लभाणी’ स्वतंत्रपणे नोंदलेली आहे. रोमानी व गोरबोली या दूरच्या बहिणी ठरतात. त्यांत आई-मुलीचे नाते लावता येत नाही. शिवाय म्युर्झे यांच्या पॅरिसमधील कलावंतांच्या अंगावर आरसेकाम नव्हते. जीर्ण कोट आणि लांब केस एवढेच त्यांचे ‘बोहेमियनत्व’ होते. शब्द एका वाटेने आला आणि वस्त्र दुसऱ्या वाटेने. दोहोंची गाठ पुष्कळ नंतर पडली.

ती गाठ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पडली. १९६० नंतर हिप्पी तरुण भारतात आले; गोव्यात हणजुणे येथे त्यांनी आठवडी बाजार सुरू केला. पुढे त्या बाजारात कर्नाटकातून आलेल्या लमाणी स्त्रिया भरतकामाचे तुकडे, झोळ्या व दागिने विकू लागल्या. रूढी नाकारणाऱ्या ग्राहकाने तेथे रूढीचे वस्त्र विकत घेतले आणि त्यास आपला अर्थ दिला. २००४-०५ च्या सुमारास लंडनमधून ‘बोहो’ची जी नवी लाट उसळली, तिने हाच अर्थ दुकानादुकानांत पोहोचविला.

आता तांड्याकडे वळावे. वस्त्राकडे संकेतव्यवस्था म्हणून पाहण्याची रीत प्राग येथील भाषाशास्त्रीय वर्तुळात घडली. प्योत्र बोगातिर्योव यांचा मोराव्हियातील लोकवेषाच्या कार्यांवरील ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. मोराव्हिया हा बोहेमियाचाच शेजारी प्रांत, हा योगायोग लक्षणीय आहे. वस्त्र एकाच वेळी वस्तू असते व चिन्हही असते, आणि चिन्ह म्हणून ते धारण करणारीचे वय, विवाहस्थिती व समूह सांगते, असे त्यांचे प्रतिपादन होते. गोर स्त्रीचा पेहराव या कसोटीस पूर्ण उतरतो. फेटिया म्हणजे घेरदार परकर, काचळी म्हणजे पाठीवर नाड्यांनी बांधावयाची भरजरी चोळी आणि डोईवरून घ्यावयाची ओढणी, ही त्याची मुख्य अंगे. कानशिलाजवळ केसांत गुंफलेली घुगरी आणि कोपरावरील दंडातील बलिया ही विवाहितेची लक्षणे होत. कुमारिकेस ती नाहीत; वैधव्यात ती उतरतात. भाषेतील प्रत्ययाप्रमाणे येथे चिन्हाची उपस्थिती जितकी अर्थपूर्ण, तितकीच अनुपस्थितीही.

‘बोहो’ वेषाने या व्यवस्थेतील शब्द घेतले आणि व्याकरण टाकले. घुगरी कोणीही, केव्हाही, कशावरही घालावी. कवडी पिशवीला लागावी अथवा पादत्राणाला. निवड अमर्याद झाली आणि म्हणूनच तिचा विशिष्ट अर्थ नाहीसा झाला. ‘मी कोणत्याही नियमात नाही’ एवढे एकच वाक्य या वेषास बोलता येते. तांड्याचा पेहराव अनेक वाक्ये बोलत असे.

येथे दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. जुने व्याकरण निर्दोष नव्हते. विधवेच्या दंडातील बलिया उतरविणारी रूढी ही काही जपण्याजोगी ठेव नव्हे. आणि जड फेटिया सोडून साडी वा सलवार नेसणारी तांड्यातील तरुणी परंपरेचा द्रोह करते, असे म्हणण्याचा अधिकार कोणाही अभ्यासकास नाही. शेतमजुरीस व उसतोडीस जाणाऱ्या, शाळा-महाविद्यालयांत शिकणाऱ्या स्त्रीने सोयीचे वस्त्र निवडणे स्वाभाविक आहे. परंतु या निवडीमागे आणखी एक कारण होते, ते विसरता येत नाही. ब्रिटिश मुलखात १८७१ च्या कायद्याने ज्या भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांत अनेक ठिकाणचे बंजारेही होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. हिंगोलीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तथापि त्या शिक्क्यातून उपजलेला संशय सरहद्दीपाशी थांबला नाही. पेहरावावरून ओळख पटणे हे तांड्याबाहेर संकट ठरे. ज्या वस्त्राने गोर स्त्री संशयास पात्र होई, तेच वस्त्र अन्य स्त्रीच्या अंगावर स्वातंत्र्याचे द्योतक ठरते, ही या अर्थांतरातील खरी विषमता होय.

आज या पेहरावाची कार्ये पुन्हा बदलत आहेत. श्रावणात तीज साजरी करताना आणि लग्नप्रसंगी तो पेटीतून बाहेर निघतो. कर्नाटकातील संडूरच्या लंबाणी भरतकामास २०१० साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. हिंगोलीच्या शेजारच्या वाशिम जिल्ह्यात पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटच्या आधारे अनुसूचित जमातीत समावेश व्हावा, या मागणीसाठी मराठवाड्यात निघालेल्या मोर्चांत स्त्रिया पारंपरिक वेषात आल्या. जो वेष एकेकाळी तांड्यातल्या तांड्यात वाचला जाई, तो आता शासनाने वाचावा म्हणून धारण केला जातो. बोगातिर्योव ज्यास कार्यांतर म्हणतात ते हेच. येथे मात्र अर्थ ठरविण्याचा हक्क निदान धारण करणारीकडे परत आला आहे.

‘बोहेमियन’ हा शब्द मराठीतून हाकलून द्यावा, असा या विवेचनाचा आशय नाही. शब्द असे हाकलता येत नाहीत. मात्र अभ्यासकाने फेटियास ‘बोहेमियन घागरा’ म्हणणे हे वर्णन नसून पुसून टाकणे आहे, एवढे ओळखले पाहिजे. वस्त्र संग्रहालयात टिकते. त्याचे अर्थ टिकत नाहीत. घुगरी केव्हा घालावयाची, कोणी घालावयाची नाही, काचळीवरील कोणत्या टाक्यास काय म्हणतात, हे सांगू शकणाऱ्या स्त्रिया कळमनुरी-सेनगावच्या तांड्यांत आज वृद्धावस्थेत आहेत. त्यांच्या तोंडचे हे शब्दभांडार गोरबोलीतच, त्यांच्या उच्चारानुसार नोंदले जाणे हे मराठवाड्यातील भाषाशास्त्राचे निकडीचे काम आहे. ते झाले नाही, तर पुढील पिढीतील गोर विद्यार्थिनीस आपल्या आजीच्या वेषाचा अर्थ जाहिरातीतूनच शिकावा लागेल.